स्लॅबच्या वाळूतला समुद्र

“वाळूत अमोनिया?” बाबांनी हातातला टेस्टर खाली ठेवला. “ट्रकात आधी युरिया भरला होता काय?”

“तो अमोनिया नाही हो बाबा. हा अमोनिया म्हणजे जीव असतो. म्हणजे, होता. आता नुसतं त्याचं घर राहिलंय.”

“कोणाचं घर?”

“अमोनियाचं.”

बाबांनी आईकडे बघितलं. आईने पदराला हात पुसला आणि माझ्या कपाळाला लावून बघितला.

“ताप नाही,” ती म्हणाली. “मोबाइल आहे.”

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आमच्या घराचा स्लॅब पडणार होता. आमच्या सावरखाडीत स्लॅब ‘पडतो’ असंच म्हणतात, आणि सगळे ते आनंदाने म्हणतात. माझं म्हणणं एवढंच होतं, की या वाळूचा स्लॅब एकदा पडला की काही वर्षांनी तो पुन्हा पडेल, आणि तेव्हा आपण त्याच्या खाली असू.

पण हे मी मनात म्हटलं. तेव्हा मी बरंचसं मनातच म्हणायचे. आता मी दहावीत आहे आणि गॅदरिंगला माइक बंद पडला की बाई मलाच पुढे ढकलतात. पण आठवीतली मी हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायचे की पहिल्या चाचणीपर्यंत माझी निम्मी गैरहजेरी लागली होती. घरात आईबाबा आणि केतकीताई, एवढ्यांशीच माझं तोंड चालायचं. पाहुणे आले की चहाच्या आधी “बोल की गं काहीतरी, निशी” यायचं, आणि चहा संपेपर्यंत मी आत मांजराशेजारी बसलेली असायचे.

तर वाळू. मामाने मला मोबाइलच्या कॅमेऱ्याला अडकवायचं साठपट भिंग दिलं होतं. त्यातून माझं घरातलं सगळं बघून झालं होतं: साखर, डासाचा पाय, बाबांच्या मिशीचा केस (केस बघताना बाबा जागे झाले, तो वेगळा विषय). मग दारात येऊन पडलेला वाळूचा ढीग घेतला. आणि वाळू नुसती वाळू नव्हतीच! काचेसारख्या खड्यांमध्ये मधूनच एखादा पांढरा ठिपका, खसखशीच्या दाण्याहून लहान, पण गोगलगायीसारखा वळत गेलेला, आत खोल्या खोल्या. कोणीतरी बसून कोरावा तसा.

हे काय आहे ते शोधायला मला साइट होती. विज्ञानाच्या बाईंनी पृथ्वीच्या वयाचा धडा शिकवताना एका परदेशी साइटचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. सगळ्या वर्गाने ते उतरवून घेतलं आणि वही मिटली. मी साइट उघडली, आणि मग मला दुसरं काही सुचेना. तिथे पृथ्वीचं सगळं आयुष्य एका रंगीत पट्टीवर मांडलेलं आहे. बोटाने पट्टी मागे ओढली की देश सरकतात. मी भारताला ओढत ओढत नेऊन मादागास्करला चिकटवलं, परत आणलं, परत चिकटवलं. नेटपॅक संपला तेव्हा भारत भर समुद्रात अर्ध्या वाटेवर अडकून होता आणि मला रात्रभर चैन नव्हतं.

त्याच साइटच्या दुसऱ्या भागात सूक्ष्म जीवाश्म आहेत. एकेकाचा फोटो, तो कोणत्या काळापासून कोणत्या काळापर्यंत सापडतो त्याची पट्टी, आणि राहायला कुठे: समुद्रात, खाडीत की गोड्या पाण्यात. माझे ठिपके तिथे होते! त्यांच्या घराण्याचं नाव फोरॅमिनिफेरा, लाडाचं नाव फोरॅम. एकाचं नाव खरोखरच अमोनिया. दुसऱ्याचं क्विंकेलोक्युलिना, जे मी आरशासमोर उभी राहून पाठ केलं. आणि त्या क्विंकेलोक्युलिनाच्या पानावर, राहायचं ठिकाण या रकान्यात, स्वच्छ लिहिलं होतं: समुद्र.

“म्हणजे काय म्हणायचंय तुला?” बाबांनी विचारलं.

“वाळू नदीची नाही, बाबा. समुद्राची आहे.”

बाबांचा चेहरा उतरला. किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, मिठाने आतल्या सळया गंजतात, सळया फुगल्या की स्लॅबला तडे जातात आणि मग भातात सिमेंटचे पोपडे. आमच्या गावात दोन घरं तशी झालेली सगळ्यांना माहीत होती. आणि या स्लॅबसाठी बाबांनी तीन वर्षं दुकानात बसून पंपांच्या जळक्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली होती.

ते उठून ढिगापाशी गेले. मूठभर वाळू हातावर पसरली, बोटाने उलटीपालटी केली.

“शिंपला दिसतो का एक तरी?”

“वाळू देणाऱ्याने चाळून दिलीय. शिंपले चाळणीत राहतात. हे निसटतात.”

बाबांनी वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“खारट आहे ना?” मी म्हटलं.

“माझा हात घामाचा आहे.”

“बाबा, ही जात डायनासोरांच्या काळापासून समुद्रातच राहते. पट्टी बघा ना!”

“म्हणजे नाक्तींनी जुना माल दिला म्हणायचा,” बाबा म्हणाले, पण हसले नाहीत. हात झटकून त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ निशी. नाक्ती आपले व्याही व्हायचेत. घरच्यासारखी वाळू दिलीय त्यांनी. त्यांना मी काय सांगू, माझ्या आठवीतल्या पोरीला तुमच्या वाळूत गोगलगाय दिसली?”

हीच तर सगळी गोम होती. नाक्तीशेठ म्हणजे आमच्या बाजूचे बिल्डिंग मटेरियलवाले: वाळू, खडी, सळया, सिमेंट. त्यांचा मुलगा हर्षद आणि आमची केतकीताई यांची बोलणी झाली होती. तारीख तेवढी काढायची होती, आणि साखरपुडा नव्या माडीवरच करायचा, असं बाबांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. वाळूला खोटं म्हणायचं म्हणजे व्याह्यांना खोटं म्हणायचं. आणि काही म्हणायचं नाही, तर त्याच स्लॅबखाली झोपायचं.

संध्याकाळी ताई कामावरून आली. ती श्रीवर्धनला पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे तिला भिंगाचं हसू येत नाही. तिने मोबाइलवर एकेक फोटो मोठा करून बघितला.

“सॅम्पल कुठून घेतलंस?”

“ढिगातून.”

“ढिगातून म्हणजे? वरून की आतून? इथे मांजर बसतं, वारा समुद्रावरून येतो, तू स्वतः रविवारी किनाऱ्यावर लोळून आली होतीस. तुझ्याच फ्रॉकमधून सांडले असतील.”

मग आम्ही दोघींनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली वाळू काढली. मागच्या वर्षी संडासाच्या कामातून उरलेली नदीची वाळू परसात होती, ती घेतली. ताईच्या स्कूटीवरून किनाऱ्यावर जाऊन तिथली चिमूटभर आणली. तीन बशा मांडल्या. परसातल्या वाळूत एकही फोरॅम नाही. किनाऱ्याच्या वाळूत भरपूर. आणि ढिगाच्या आतल्या वाळूत अगदी तेवढेच, तसेच, क्विंकेलोक्युलिनासकट.

ताईने तिन्ही बशांना चिठ्ठ्या चिकटवल्या.

“हर्षदला माहीत असेल का गं?” मी विचारलं.

“तोच तर प्रश्न आहे,” ती म्हणाली. “मुलगा बरा आहे निशी. हसतो छान, वागतो छान. पण बापापुढे त्याचं तोंड उघडत नाही. परवा मला विचारलं, लग्नानंतर नोकरी करणार का. मी म्हटलं, तुला काय वाटतं? तर म्हणाला, पप्पांना विचारून सांगतो.”

साइटवर एक चर्चेचं पान आहे. आपल्याला सापडलेलं तिथे टाकायचं, जगभरातली जाणकार माणसं ओळखून देतात. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिन्ही बशांचे फोटो टाकले. सकाळी उठते तर नॉर्वेच्या एका विद्यापीठातल्या, जीवाश्म खात्याच्या योहानाबाईंचं उत्तर आलेलं! ढिगाच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, की ही उथळ, उबदार समुद्राची हल्लीची वाळू आहे, काय सुंदर किनारा असेल तुमचा.

मी लिहिलं, किनारा नाही बाई, आमच्या घराचं छप्पर आहे.

“हल्लीची म्हणजे कधीची?” ताईने विचारलं.

“त्यांच्यात हल्ली म्हणजे गेली बारा हजार वर्षं.”

“मग आपलं बांधकाम हल्लीच सुरू झालंय म्हणायचं,” ताई म्हणाली. पण तिचंही हसू अर्ध्यातच थांबलं, कारण बाहेर मिक्सर आल्याचा आवाज झाला.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा किंचितच कमी. मिक्सर आला, मिस्त्री आले, डोक्यावर पाट्या वाहणारी माणसं आली, आळीतले लोक निव्वळ उभं राहायला आले. परसात आई आणि चार बायका वडे तळायला आणि मटण शिजवायला बसल्या, कारण स्लॅब पडला की सगळ्यांना जेवण घालावं लागतं. आणि नारळ फोडायला पाहुणे म्हणून नाक्तीशेठ आले. पांढरा सफारी, गळ्यात चेन, मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला हर्षद.

मिस्त्रींनी मिक्सर सुरू करायची दोरी हातात घेतली. बाबा वाळूच्या ढिगाकडे बघायचं टाळत होते आणि त्यामुळे सारखे तिकडेच बघत होते.

ताईने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. “जा.”

“मी?”

“मी बोलले तर होणारी सून सासऱ्याशी भांडली म्हणतील. बाबा बोलले तर व्याह्यांचा अपमान. आई बोलली तर बाबांचा. तू लहान आहेस. तू काहीही बोललीस तरी फार तर म्हणतील पोरगी वेडी आहे.”

“आणि लग्न मोडलं तर?”

ताईने ओठ आवळले. “मोडलं तर स्लॅबच्या आधी मोडू दे,” ती म्हणाली, आणि माझ्या हातात चहाचा कप देऊन मला मागून ढकललं.

नाक्तीशेठ माडाखाली खुर्ची टाकून बसले होते. जवळ दुसरं कोणी नव्हतं. मी कप पुढे केला. 

“ये गो बाय,” शेठ म्हणाले. “ही धाकटी ना? बोलत नाय ती?”

“काका,” मी म्हटलं. आवाज आला! मला इतकं आश्चर्य वाटलं की पुढचंही बाहेर पडून गेलं. “काका, तुमच्या वाळूत फोरॅम आहेत.”

शेठचा कप बशीवर वाजला.

“काय आहे?”

“फोरॅम.”

त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली. “कोणी केलं हे?”

“केलं नाही कोणी. समुद्राची वाळू असली की आपोआप असतात.”

“आपोआप नाय होत गो. कोणीतरी केल्याशिवाय फोरम होत नाय.” त्यांनी रुमाल काढला. “समुद्राची, असं म्हणालीस तू?”

“हो. ताईने आणि मी तीन ठिकाणचे नमुने घेतले. फोटोसकट.”

“फोटोसकट!”

“आणि काल फोरमवर टाकले.” साइटवरच्या चर्चेच्या पानाला फोरमच म्हणतात, मी काय करू? “सकाळी उत्तरसुद्धा आलं.”

“एका रात्रीत? माझ्या वेळेला नोटीस यायला चार महिने लागले होते!” शेठचा आवाज चिरकला. “काय म्हणतात?”

“समुद्राचीच आहे म्हणतात. नॉर्वेच्या बाईंनी बघितलं.”

“बाई आहेत?” शेठनी डोळे मिटले. “बाई असल्या की ऐकून घेत नाहीत. मागच्या वेळेला पण बाईच होत्या. आणि हे नॉर्वे म्हणजे?”

“तिथे फार जुनं खातं आहे.”

“वरपर्यंत गेलंय म्हणजे.”

मला वाटत होतं, माणूस किती जाणकार! मी इतकी खूश झाले की जे कोणी ऐकून घेत नव्हतं ते सगळं सांगायला लागले. “आणि काका, हे काही आजचं नाही. डायनासोरांपासून चालू आहे, अजून संपलेलं नाही.”

“नाय संपत,” शेठ खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. “फोरमचं तसंच असतं. एकदा लागलं की पिढ्या जातात. किती आहेत म्हणालीस?”

“एका चिमटीत वीसपंचवीस तरी.”

“वीसपंचवीस!”

“हे एका चिमटीतले. सगळ्या ढिगाचा हिशेब केला तर—”

“नको करू!” शेठ उभेच राहिले. चहा सफारीवर. “बाय माझी, ऐक. मी नाय, तो ड्रायव्हर. म्हणजे मीच, पण नदीची वाळू मिळत नव्हती, आणि तुझ्या बापाला तारीख दिली होती. निम्मीच मारली समुद्राची. बरं, निम्म्याहून जरा जास्त. धुऊन, चाळून दिली ना पण! दुसरी टाकतो. आजच्या आज. नायतर क्रश सँड देतो, दगडाची, एक नंबर. तू फक्त त्या बाईंना कळव, की मिटलं.”

“योहानाबाईंना?”

“नाव पण माहीत आहे हिला!” ते आकाशाकडे बघून म्हणाले.

मग शेठनी मोबाइल कानाला लावला. त्यावर कोणी नव्हतं, कारण मोबाइल उलटा होता. “काय म्हणता गुरुजी? भद्रा? आज सूर्यास्तापर्यंत? अरे अरे अरे!” असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलत ते मिक्सरकडे धावले. “थांबवा! थांबवा! आज स्लॅब नाय पडायचा! भद्रा आहे!”

“पण शेठ,” बाबा गोंधळले, “मुहूर्त तुम्हीच काढून दिला होता.”

“मोबाइलवर काढला होता. मोबाइलचं काय खरं आहे, व्याही? माझ्या सुनेचं माहेर हे. भद्रेवर माडी चढवू? आणि ही वाळू पण उचलतो. मुहूर्ताला आणलेली वाळू दुसऱ्या दिवसाला चालत नाय. नवीन आणतो.”

असलं शास्त्र कोणी ऐकलं नव्हतं, पण देणारा स्वतःच्या खर्चाने परत नेतोय म्हटल्यावर कोणी वाद घालेना. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी माडाकडे बघितलं.

मिस्त्रींनी मिक्सरची दोरी सोडली. “आमचं काय नाय,” ते म्हणाले. “जेवण आहे ना?”

जेवण होतं. शेठचा जेसीबी येऊन ढीग ट्रकात भरून गेला, आणि न पडलेल्या स्लॅबच्या खाली पंगती बसल्या. मी कांदा वाढत होते. हर्षद पंगतीच्या टोकाला होता. मी त्याच्यासमोर आले तर त्याने मांडीवर मोबाइल धरून हळूच माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर क्विंकेलोक्युलिनाचा फोटो.

“हे का?” तो कुजबुजला.

माझ्या हातातला कांदा मटणात पडला.

“मी माडामागे फोनवर होतो,” तो म्हणाला. “सगळं ऐकलं, मग फोरॅम शोधून बघितले. पप्पांना ग्राहक फोरम वाटला. गेल्या वर्षी टाइल्सच्या केसमध्ये त्यांच्या अलिबागला खेपा झाल्यात. अजून रात्री झोपेत मॅडम मॅडम म्हणतात.”

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की काका इतका वेळ कशाची जाणकारी दाखवत होते! मला हसू येईना, रडू येईना. मी वाटी घेऊन नुसती उभी. हर्षद मात्र हसायला लागला. खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“सांगणार नाहीस ना त्यांना?” मी विचारलं.

“वेड लागलंय का? फोरमच राहू दे. तेवढाच एक आहे ज्याला ते घाबरतात.”

तेवढ्यात ताई वड्यांची परात घेऊन त्याच्यासमोर आली. तिने ते सगळं हसू बघितलं होतं.

“ट्रक कुठे गेला?” तिने विचारलं.

हर्षदने मोबाइल उपडा ठेवला.

“किनाऱ्याकडे गेला नाही,” ताई म्हणाली. “किनारा खाली आहे. ट्रक वर गेला.”

मी तर याचा विचारच केला नव्हता! मला वाटलं होतं, वाळू आमच्या दारातून गेली म्हणजे गेली.

“वरच्या आळीला,” हर्षद पानाकडे बघत म्हणाला. “साळवीबाईंचे उद्या पिलर भरायचेत.”

साळवीबाई म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या नर्स, आता निवृत्त. माझ्या आणि ताईच्या दंडावरचे सगळे टोचे त्यांचे.

“तुला माहीत होतं?”

“आत्ता निघताना पप्पांनी ड्रायव्हरला सांगितलं, तेव्हा ऐकलं.”

“आणि?”

“पप्पा म्हणाले—”

“मी पप्पांना विचारलेलं नाही,” ताई म्हणाली. तिने एक वडा त्याच्या पानात ठेवला, आवाज न चढवता. “तू जेव सावकाश. मला फक्त बघायचं होतं.”

ती पुढच्या पानाकडे गेली. हर्षदने वड्याकडे बघितलं. वड्याने काही मदत केली नाही. मग तो खरकट्या हाताने उठला आणि बाबांच्या शेजारी बसलेल्या शेठसमोर जाऊन उभा राहिला.

“पप्पा, ती वाळू साळवीबाईंकडे उतरायची नाही.”

“हळू बोल,” शेठ दातांतून म्हणाले. “व्याही बसलेत.”

“मोठ्याने बोलू का मग?”

सगळी पंगत चावायची थांबली. शेठनी हर्षदकडे असं बघितलं, जसं काही खुर्चीच बोलली. मग त्यांची नजर हर्षदच्या मागे वाटी घेऊन उभ्या असलेल्या माझ्यावर पडली, आणि मी खरं सांगते, मी काहीही केलं नाही, फक्त खिशातून मोबाइल काढला.

“जा, जा, काय करायचं ते कर!” शेठ म्हणाले. “पण बाईंना कळवू नको गो!”

“काय चाललंय हे?” बाबांनी विचारलं.

“भद्रा,” शेठ म्हणाले.

हर्षद हात न धुताच मोटारसायकलवर बसून गेला. वरच्या आळीत काय झालं ते मी बघितलं नाही. पण ट्रक आला तेव्हा ड्रायव्हर शेजारच्या सीटवर तोंड फुगवून बसला होता आणि स्टिअरिंगवर हर्षद होता. ट्रक आमच्या दारात थांबला नाही. सरळ खाली किनाऱ्याकडे गेला. ताईने स्कूटी काढली. मी मागे बसले.

ओहोटी लागली होती. ट्रकची मागची बाजू वर उचलली गेली आणि सगळी वाळू घसरत घसरत वाळूवर पडली. पडल्यावर कुठली कुठे संपते ते कळेना. हर्षदचा मोबाइल खिशात वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. तो फावडं घेऊन वर चढला आणि ट्रकच्या कोपऱ्यांत राहिलेली वाळू लोटायला लागला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि फावडं त्याने उलटं धरलं होतं.

“बिल्डिंग मटेरियलवाल्याचा मुलगा आणि फावडं धरता येत नाही,” ताई म्हणाली. मग समुद्राकडेच बघत: “बाबांना सांग, तारीख काढा म्हणावं. पण नव्या वाळूचं सॅम्पल बघितल्याशिवाय नाही.”

मी काही बोलणार, तेवढ्यात हर्षद खाली उतरून आला. घामाने निथळत, पण चेहरा असा की जसा काही दहावीचा निकाल लागलाय. त्याने त्या ढिगाकडे बोट केलं.

“निशी, यात किती असतील ते? फोरॅम?”

“लाखो. कोटीसुद्धा असतील!”

“कोटी,” तो म्हणाला. त्याने ताईकडे बघितलं. त्याचा आवाज एकदम हळवा झाला. “म्हणजे आज आपण कोटी जिवांना त्यांच्या घरी आणून सोडलं.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी जवळून बघितलं.

“मेलेले असतात ते,” मी म्हटलं. “कधीच. ही नुसती कवचं. आणि अर्ध्यांची शेवटची खोली फुटलेली आहे, क्विंकेलोक्युलिनाची तर—”

“निशी,” ताई म्हणाली, “गप्प बस!”

मी ताईकडे बघितलं. हर्षदकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी गप्प बस म्हणालं होतं. मला इतका आनंद झाला की मी आणखी मोठ्याने बोलायला लागले.